नाटक करून राहिला

भर मंडईत, दुपारच्या उन्हात, माझा भाऊ ढोलकीसकट खाली कोसळला आणि लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एकाने शिट्टी मारली. उकडलेल्या शिंगाड्यांच्या पुड्या हातात धरून उभ्या असलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी ओरडलं, "आज जास्त झाली वाट्टे गा!" आणि आमचे शाहीर, ज्यांच्या डाव्या हाताला तो इतके हंगाम उभा राहून वाजवत आला होता, त्यांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डफावर थाप मारली आणि जागच्या जागी एक ओळ जुळवली, ढोलकीवाल्याला मोहाची चढली अशा अर्थाची. लोक आणखी हसले.

मी मागे उभी होते. माणसं ढकलत पुढे गेले. त्याने दोन्ही हातांनी उजवी मांडी आवळून धरली होती. ओठ कोरडे पडले होते आणि कपाळावरून घाम गळत होता.

"ताई, हाड फुटून राहिलं," तो म्हणाला.

माझा भाऊ पीत नाही. कधीच पीत नव्हता. तरी आमच्या पंचक्रोशीत आजही विचारा, दहातले आठ जण सांगतील, चांगला ढोलकीवाला होता, दारूनं वाया गेला. मी हे लिहायला बसले ते याच रागातून, आणि राग शांत झाल्यावर लिहावं असं मला बिलकूल वाटत नाही.

आमचं गाव नवेगाव बांधपासून फार लांब नाही. दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, जिलेबीची दुकानं लागतात आणि चौकात खडी गंमत होते. खडी म्हणजे उभी. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, मागे झील धरणारे, म्हणजे ओळीला साथ देणारे, सगळे उभे. मधोमध लुगडं नेसलेला पुरुष नाचतो, त्याला नाच्या म्हणतात. ना मंच, ना पडदा. ढोलकी कमरेला बांधायची आणि दुपारभर पायांवर उभं राहून वाजवायची, पुढे सरकायचं, मागे यायचं, नाच्याभोवती फेर धरायचा. बसलेल्या माणसाचं हे कामच नाही.

भाऊ हे मामाकडे शिकला. मामा एका पार्टीत ढोलकी वाजवायचा. सुटीत आम्ही दोघंही मामाकडे जायचो, मी आंबे खाऊन परत यायची आणि हा बोल पाठ करून. पुढे मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, सडक अर्जुनीकडे. तो गावातल्या पार्टीत गेला. आमच्या पार्टीचा नाच्या एरवी धानाची शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. तो मला एकदा म्हणाला होता, "बाई, तुमचा भाऊ माह्या पायाच्या आधी पोचते. मी कोठी पाय टाकीन हे मले माहीत नसते, त्याले माहीत असते." मला सुरातालाचं काही कळत नाही, पण त्या दोघांकडे पाहिलं की हे दिसायचं.

आता दुखण्याचं सांगते. ते मंडईत सुरू झालं नव्हतं, तो लहान असल्यापासून होतं. अधूनमधून त्याच्या हातापायांना सूज यायची, डोळे पिवळे व्हायचे. आई शेजारणीला म्हणायची, "पोराचे डोरे पाहा ना, हरदीसारखे पिवरे झाले." मग काविळीची माळ घालायची. माळ लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. गावात सायकलने येणारा डॉक्टर इंजेक्शन देऊन वात आहे म्हणून सांगायचा. बांधाच्या तलावात सगळी पोरं पोहायची, हा पोहून आला की दुसऱ्या दिवशी अंथरुणात कण्हत पडायचा. शाळेत गुरुजींनी त्याला खाड्याबद्दल बाहेर उभं केलं आणि बाबांना निरोप पाठवला, पोरगा नाटक करून राहिला. बाबांनी ते खरं मानलं. का मानू नये? पायावर जखम नाही, अंगात ताप नाही. परवा झाडावर चढत होता आणि आज म्हणतो उठवत नाही.

नाटक. हा शब्द त्याच्या मागे लागला तो तेव्हापासून.

पुन्हा मंडईत येते. गंमत थांबली नाही. शाहिरांनी झीलवाल्याच्या गळ्यात ढोलकी अडकवली आणि पुढची लावणी उचलली. थांबला तो फक्त नाच्या. लुगडं खोचून, पायांतल्या घुंगरांसकट त्याने भावाला पाठीवर घेतलं. ओळखीच्या एकाची गाडी मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी सलाईन लावली, दुखणं वाढतच गेलं, म्हणून पुढे गोंदियाला नेलं.

गोंदियाच्या त्या दवाखान्यातला प्रकार मी नाव न घेता सांगते, कारण नाव घेतलं की लोक त्या एका दवाखान्याकडे बोट दाखवून मोकळे होतील. दारातल्या माणसाने आधी भावाचं तोंड हुंगलं. "कितना पिया है?" मी म्हटलं, "पीत नाही तो." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याची नजर नाच्याकडे गेली. घामाने ओघळलेली पावडर, फिसकटलेलं कुंकू, मिशी काढलेला चेहरा, पायांत घुंगरू. तो आतल्या बाईला हाक मारून म्हणाला, "मॅडम, देखो, पूरी नौटंकी आ गयी." त्या हसल्या. भाऊ बाकड्यावर वाकडा होऊन कण्हत होता. त्याने जरा मोठ्याने आवाज काढला तर त्या म्हणाल्या, "चुप. ये नाटक गाँव में करना."

मी शिक्षक आहे, मला ओरडता येतं, आणि मी ओरडले. त्याचा एवढाच उपयोग झाला की मला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. मी गेले नाही.

पाळी बदलली तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी भावाची खालची पापणी ओढून पाहिली. लहानपणापासून असं दुखतं का, थंडीत वाढतं का, घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं. एवढे प्रश्न त्याला कुणी सलग विचारले नव्हते. त्यांनी आधी दुखण्याचं इंजेक्शन द्यायला लावलं आणि मग रक्त घेतलं. नाच्या इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि त्यांना म्हणाला, "मॅडम, नाटकवाला मी आहो. हा नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला दिसतंय."

आईबाबा गावाहून येऊन पोचले त्याच दिवशी रिपोर्ट आला, सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घराघरात आहे, गावात तपासणीची शिबिरं होतात, भिंतींवर फलक रंगवलेले असतात. तरीही चांगला मिशा फुटलेला माणूस भर मंडईत कोसळेपर्यंत हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. डॉक्टरीणबाईंनी आईला समजेल असं सांगितलं की रक्तातल्या गोल पेशी याच्या अंगात विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे असं दुखतं. थंडी, तहान, अंगमेहनत, यांनी ते उठतं. भरपूर पाणी प्यायचं, गरम राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. हा बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आहे. आणि तो आईबाप दोघांकडून थोडा थोडा येतो, त्यांना स्वतःला काही होत नाही.

आईने एवढंच विचारलं, "म्हंजे म्याच देल्लं का माह्या लेकराले?"

बाबा बाहेर जाऊन उभे राहिले.

मला वाटलं होतं, आता तरी तोंडं बंद होतील. कागद आहे, आजाराला नाव आहे. पण दारूडा ठरवलेल्या माणसाबद्दल निदान हसण्यावारी बोलतात. रक्ताचा आजार म्हटल्यावर लोक कुजबुजू लागले. सालेकश्याकडच्या एका घरी त्याचं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलीने त्याला गंमतीत पाहिलं होतं, तिची पसंती होती. मध्यस्थ घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "पोरगा पेते असं आयकलं होतं त्याईनं. त्याचं काही नाही, लगन झाल्यावर सुटते. पन हे तं रक्ताचं निंगालं."

मी म्हटलं, "मुलीचीही तपासणी करू. तिच्यात दोष नसेल तर लेकरांना हा आजार होत नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे."

तो ताडकन उठला. "आमच्या पोरीले कायले तपासता? तिले का झालं?"

म्हणजे दारू पिणारा चालतो. रोज पिऊन बायकोला मारणारा चालतो, असे कितीतरी त्याच गावांतून वाजतगाजत बोहल्यावर चढलेले मी पाहिले आहेत. एक थेंब न पिणारा, गोळ्या घेऊन नीट राहणारा माणूस चालत नाही. भाऊ आतल्या खोलीत होता, त्याने सगळं ऐकलं. मध्यस्थ गेल्यावर बाहेर येऊन त्याने चहाची कपबशी उचलून नेली. त्या मुलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

पुढच्या मंडईच्या हंगामात शाहीर घरी आले. नवीन ढोलकीवाल्याचा हात बसत नव्हता. "चाल ना गा, तुह्याबिगर मजा नाही." मी नको म्हणत होते. तो गेला. त्याला मी दोष देत नाही. मला कुणी सांगितलं असतं, उद्यापासून वर्गात जाऊ नको, तर मीही गेले असते.

पण त्याला बोलावून नेणाऱ्यांनी काय केलं ते ऐका. पहाटेच्या गारठ्यात माल वाहणाऱ्या टेम्पोच्या उघड्या हौद्यात बसवून न्यायचे. त्याने सदऱ्याच्या आत स्वेटर घातलं तर शाहीर म्हणाले, काढ, ढोलकीवाला फुगलेला दिसते. मी एका मंडईत पाण्याची बाटली घेऊन कडेला उभी राहिले. त्याने दोन लावण्यांच्या मध्ये माझ्याकडे हात केला, तर शाहिरांनी डोळे वटारले. नंतर मला म्हणाले, "बाई, मधातच पानी प्याले गेला तं ताल कोन धरन?" मी म्हटलं, "तुमचा ताल पाण्याच्या एका घोटानं मरते का?" पार्टीतले सगळे माझ्याकडे असं पाहू लागले जशी मी देवळात चप्पल घालून गेले. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तू येत नको जाऊ." मी जाणं बंद केलं नाही, फक्त लांब उभी राहू लागले.

तो हंगाम त्याने पुरा केला. उन्हाळा लागेपर्यंत त्याला उजवा पाय टेकवेना. नागपूरला हाडाचा फोटो काढला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. खुब्याचा गोळा रक्त न मिळून वाळला होता, एका बाजूने चपटा झाला होता. आमच्या भावाचं हाड जिवंतपणी मेलं होतं, आणि तो त्या हाडावर उभा राहून अख्खा हंगाम वाजवत होता. "इतके दिवस कसे उभे राहिलात?" डॉक्टरांनी विचारलं. तो म्हणाला, "वाजवताना तितकं समजत नाही." मग म्हणाला, "नाही. समजते. पन सांगून का फायदा?"

ऑपरेशन लगेच होत नव्हतं. अंगात रक्त कमी, ते आधी वाढवायचं, मग पुन्हा दुखणं उठायचं, तारीख पुढे जायची. शेवटी झालं. खुबा बदलला, तो काठी घेऊन चालू लागला. मात्र फार वेळ उभं राहायचं नाही, कमरेला वजन बांधायचं नाही, आणि डावी बाजूही त्याच वाटेवर आहे, असं सांगून घरी पाठवलं.

मी शाहिरांकडे गेले. त्याला न सांगता गेले. ते अंगणात डफ शेकत बसले होते. मी म्हटलं, "हात त्याचे शाबूत आहेत. खुर्चीवर बसून वाजवू द्या."

ते म्हणाले, "खडी गंमत आहे बाई. बसून खडी कशी होईल? लोक हासतीन."

"तो पडला तेव्हा हसले, तेव्हा चाललं ना तुम्हाला? ओळसुद्धा जोडली तुम्ही."

"मी तमाशा सांभारून घेतला. नाहीतं मंडई बिघडली असती."

"सरपंचाले पुढं प्लास्टिकची खुर्ची लागते. त्याच्या कमिटीच्या लोकाईले लागते. माह्या भावाले एक मिळत नाही का?" रागात मी त्यांच्याच बोलीवर आले.

ते डफ उलटा करून शेकू लागले. म्हणाले, "मनाई केली होती का म्या? पन रीत आहे." आणि मग, जणू माझी समजूत घालत आहेत अशा आवाजात, "आता पॅड घेऊन राहिलो आम्ही. लाईटवरचं. ढोलकीचा आवाजही निंगते त्याच्यातून."

पॅड आलं. ते टेबलावर ठेवतात, आणि वाजवणारा मागे स्टुलावर बसून वाजवतो. होय, बसून. मी स्वतः पाहिलं. रीत कुठे गेली, हे शाहिरांना विचारायला मी पुन्हा गेले नाही. गेले असते तर डफ त्यांच्या डोक्यात घातला असता.

त्याच वर्षी एका मंडईच्या कमिटीने भावाचा सत्कार ठरवला. आई खूश झाली म्हणून तो तयार झाला. मंचाला पायऱ्या म्हणून विटांची चळत होती, धरायला काही नव्हतं. प्रमुख पाहुणे यायचे होते, ते येईपर्यंत सगळे ताटकळले. ते आले, त्यांनी आमच्या भागाच्या, झाडीपट्टीच्या कलेवर भाषण केलं, कला जगली पाहिजे, कलावंत जगला पाहिजे. टाळ्या पडल्या. शाल पांघरली, नारळ दिला. पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लवकर बरे व्हा आणि पुढल्या वर्षी इथेच ढोलकी वाजवा." बरे व्हा! त्याचा आजार काय आहे, एवढं तरी गाडीत बसून येताना कुणाला विचारायचं.

मग फोटो. कुठूनतरी एक ढोलकी आणली. कमिटीतला एक जण मोबाईल धरून म्हणाला, "भाऊ, काठी बाजूले ठेवा. उभे राहा, कमरेले बांधा, तं फोटोले मजा येते."

मी खालून ओरडले, "उभं नको करू त्याला!" स्पीकर चालू होता, कुणाला ऐकू गेलं नाही. भावाने काठी ठेवली. ढोलकी बांधून घेतली. एक फोटो झाला, मग पाहुण्यांसोबत, मग कमिटीसोबत, मग ज्याचे डोळे मिटले होते त्याच्यासाठी पुन्हा. मी विटांवरून वर चढले, ढोलकीची दोरी सोडली आणि मोबाईलवाल्याच्या हाती ती अशी दिली की तो दोन पावलं मागे गेला. "तुमचा फोटो झाला ना? आता आमचा माणूस आम्हाला द्या." नंतर कळलं, मी त्या गावात उर्मट बाई म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात भरती होता. तो फोटो कमिटीच्या ग्रुपवर फिरत होता, खाली हात जोडल्याची चित्रं.

आता तो सडक अर्जुनीला हायवेलगत मित्राच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. बसून करायचं काम आहे, बोटं चांगली चालतात. पाण्याची बाटली जवळ असते, थंडीत पाय गुंडाळलेले असतात. लोक म्हणतात, चांगलं झालं, मार्गी लागला. मला या वाक्याचीही चीड येते. तो मार्गीच होता, मार्गावरून त्याला उठवला. आजार तर होताच, त्याचं खापर मी कुणावर फोडत नाही. पण वेळेवर तपासलं असतं, अंगावर स्वेटर राहू दिलं असतं, पाणी पिऊ दिलं असतं, एक खुर्ची दिली असती, तर त्याने आणखी किती वाजवलं असतं, हे कुणी मला सांगू शकत नाही. कमी का होईना, पण वाजवलं असतं.

मागच्या हिवाळ्यात रक्त चढवायला तो पुन्हा भरती होता. मी शाळेतून रजा टाकून सोबत होते. शेजारच्या खाटेवर कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, तोच आजार. तिचे वडील नवेगाव बांधला मासे धरणारे, खाटेच्या पायाशी उभे होते. मुलगी पाय पोटाशी घेऊन कळवळत होती. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "सकाळीच तर इंजेक्शन दिलं. एवढं काय दुखते? नाटक नको करू."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ उठून बसला. एका हाताला रक्ताची नळी होती. इतक्या वर्षांत मी त्याला कुणावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. भांडण मी करायची आणि तो मला आवरायचा.

"ती नाटक करून नाही राहिली!" सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. "तिच्या हाडात का होऊन राहिलं हे तुमाले माहीत नाही, मले माहीत आहे. डॉक्टरले बोलवा. आता. नाहीतं मी ही नरी काढून सोता जातो बोलवाले."

सिस्टर "अरे, अरे" करत मागे सरल्या. आणि गेल्या. डॉक्टर आले, मुलीला औषध दिलं, सलाईन वाढवली. हळूहळू तिचे पाय सैल पडले आणि ती झोपली. मी भावाला आवरलं नाही.

मुलीचे वडील त्याच्या खाटेजवळ येऊन बसले. मग विचारलं, "तुमी का करता, भाऊ?"

"मोबाईलचं काम. आधी गंमतीत ढोलकी वाजवत होतो."

"काऊन सोडली?"

मी त्याच्याकडे पाहिलं. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, ज्याने त्याने आपापलं उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. मला वाटलं, तो हात हलवून विषय टाळेल. त्याने उशी पाठीशी लावून घेतली आणि काविळीच्या माळेपासून सांगायला सुरुवात केली. तो माणूस ऐकत होता, मध्ये मध्ये "हाव" म्हणत होता, आणि स्वेटरच्या गोष्टीवर त्याने शाहिरांना एक सणसणीत शिवी घातली. भाऊ हसला. मी पिशवीतून संत्रं काढलं, सोलून दोघांच्या मधे ठेवलं आणि मुलीची सलाईन संपत तर नाही ना, ते बघायला उठले.